दाबपात्रांची बाष्पसफाई व अभिकल्प

वातावरणीय दाबापेक्षा कमी वा अधिक दाबाखाली द्रव अथवा वायू साठविण्याच्या किंवा त्यांवर प्रक्रिया करण्याच्या बंदिस्त पात्रास दाबपात्र म्हणतात. अशा पात्रात चिकटलेले तेल, ज्वालाग्राही बाष्पे वा सेंद्रिय अवशेष काढण्यासाठी आत वाफ सोडतात. खनिज तेल परिष्करण कारखान्यांत माणूस दुरुस्तीसाठी आत उतरण्यापूर्वी ही सफाई करतात. महाराष्ट्रात तुर्भे (मुंबई) येथे १९५४-५५ मध्ये असे कारखाने सुरू झाले. औषधनिर्मितीत निर्जंतुकीकरणासाठी १२१° से. तापमानाची संपृक्त वाफ वापरतात. तिचा दाब वातावरणापेक्षा सु. १ बारने अधिक असतो. सफाई काही तासांचीच असली, तरी पात्रावर येणारा सर्वांत घातक भार पुष्कळदा याच वेळी येतो.

तापमानाचा परिणाम : सामान्य तापमानास काम करणारे १० मी. लांबीचे पोलादी पात्र १००° से.ने तापल्यास सु. १२ मिमी. वाढते. म्हणून आडव्या पात्राचा एक आधार स्थिर ठेवून दुसऱ्या आधारातील बोल्टांसाठी लांबट भोके ठेवतात. तसे न केल्यास आधारांवर व जोडलेल्या नळांवर मोठी प्रतिबले येतात. आतील रबरी अस्तर, सांध्यांतील गास्केटे व रंगलेप हेही सफाईच्या तापमानास टिकणारे असावे लागतात.

निर्वाताचा परिणाम : पाण्याची १००° से.ला वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान पाण्याच्या सु. १,६०० पट होते. वाफेने भरलेले पात्र सर्व झडपा बंद करून थंड होऊ दिले, तर वाफेचे संघनन होऊन आत जवळजवळ निर्वात निर्माण होतो. ३०° से.ला आतील दाब केवळ ०·०४ बार उरतो व बाहेरील हवेचा सु. ०·९७ बार दाब कवचास आत दाबतो. गरम पात्रावर पाऊस पडल्यास किंवा आत थंड पाणी सोडल्यास हे संघनन काही क्षणांत घडू शकते.

आतील दाबाखाली कवचात ताण निर्माण होतो व धातूचे पूर्ण बल उपयोगी पडते. बाहेरील दाबाखाली मात्र धातूचे बल संपण्यापूर्वीच कवच आपला गोल आकार सोडून चेपते. यास व्याकुंचन म्हणतात. लांब दंडगोलाचा व्याकुंचन दाब जाडी व व्यास यांच्या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात असतो. २ मी. व्यासाचे व ८ मिमी. जाडीचे पोलादी कवच १३० मेगॅपास्काल अनुज्ञेय प्रतिबलास आतून सु. १० बार दाब सहन करते. परंतु ते पुरेसे लांब असल्यास बाहेरून केवळ ०·२८ बार दाबास चेपते. याच कवचावर दर २ मी. अंतरावर पुरेशी दृढ कडी जोडल्यास सैद्धांतिक व्याकुंचन दाब ५ बारांच्या वर जातो. सुरक्षा गुणक ३ घेतला, तरी असे कवच पूर्ण निर्वात सहन करू शकते. कवचाची गोलाई बिघडलेली असल्यास किंवा गंजाने जाडी घटल्यास हे बल बरेच कमी होते.

अभिकल्पातील विचार : कवच पूर्ण निर्वातासाठी अभिकल्पित करणे हा सर्वांत निर्धोक उपाय होय. मोठ्या व्यासाच्या पात्रांत तो खर्चाचा ठरत असल्याने अर्धा निर्वात गृहीत धरून निर्वातमोचक झडप बसविण्याचीही प्रथा आहे. ही झडप सर्वांत जलद संघननाच्या वेगास पुरेल एवढी मोठी असावी लागते. पात्रात ज्वालाग्राही बाष्पे उरण्याचा संभव असल्यास हवेऐवजी नायट्रोजन आत घेतात. केवळ ‘वायुमार्ग उघडा ठेवावा’ या सूचनेवर विसंबणे योग्य नाही, कारण मार्ग अवशेषांनी बुजू शकतो वा झडप चुकून बंद राहू शकते. सफाईचे तापमान व त्या तापमानास गृहीत धरलेला बाह्य दाब यांची नोंद अभिकल्पाच्या मूळ कागदपत्रांतच करतात. तापमानाबरोबर पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक घटत असल्याने या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

चाचणी व नियमन : पात्राची नेहमीची जलदाब चाचणी आतील दाबाची असते, ती यशस्वी झाली म्हणजे पात्र निर्वात सहन करील असे सिद्ध होत नाही. भारतात अग्निविरहित दाबपात्रांसाठी आयएस २८२५ ही मानक संहिता १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. दाबाखालील वायूंच्या पात्रांसंबंधीचे २०१६ चे नियम नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेमार्फत अंमलात येतात. बाष्पित्रांविषयीच्या १९२३ च्या अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली.

लहान उद्योगांतील महत्त्व : हा विषय मोठ्या कारखान्यांपुरता मर्यादित नाही. भंडारा जिल्ह्यातील तुमसर ही भाताची प्रसिद्ध बाजारपेठ असून तेथे भात गिरण्या आहेत. उकडा तांदूळ करताना भात भिजवून त्यास वाफ देतात. उघड्या तोंडाच्या हौदात निर्वात साठू शकत नाही. परंतु बंदिस्त पात्रात दाबाखाली भात उकडण्याच्या पद्धतीत वाफ बंद केल्यावर वरील सर्व विचार लागू पडतो. दुसऱ्या कामासाठी बनविलेली जुनी टाकी वाफेसाठी वापरावयाची झाल्यास तिच्या नामपट्टीवरील आतील दाब पाहून भागत नाही. सध्याची जाडी मोजून ती बाह्य दाबास पुरते की नाही, हे आधी तपासणे आवश्यक असते.