बॅटरी बसवली, पण तपासली का?

ऐन ऊसतोडीच्या दिवसांतली गोष्ट. विट्याजवळच्या एका गावातून सत्तरी ओलांडलेल्या आजींना त्यांचा नातू माझ्याकडे घेऊन आला. दोन दिवसांत दोनदा त्या भोवळ येऊन पडल्या होत्या. नाडी मोजली, तर मिनिटाला अवघी ३६! डाव्या खांद्याच्या हाडाखाली पेसमेकरचा उंचवटा हाताला लागला. “शेवटची तपासणी कधी केली होती?” मी विचारले. आजी म्हणाल्या, “तपासणी कशाची? नऊ वर्सं झाली बॅटरी बसवून. काय तरास न्हाई, मग कशाला जायचं?”

सातारा-सांगलीकडे पेसमेकरला सगळे ‘बॅटरी’च म्हणतात. ते चुकीचेही नाही. पण ट्रॅक्टरच्या बॅटरीकडे आपण जेवढे लक्ष देतो, तेवढेही या बॅटरीकडे देत नाही, ही खरी अडचण आहे.

हृदयाचे ठोके निसर्गतःच विजेच्या सूक्ष्म संकेतांवर पडतात. हे संकेत मंदावले किंवा वाटेत अडले, की नाडी उतरते, चक्कर येते, शुद्ध हरपते. अशा वेळी कातडीखाली बसवलेले हे छोटे यंत्र तारेवाटे हृदयाला इशारा देते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात असे यंत्र जगात प्रथमच बसवले गेले. ते काही तासच चालले. पण पुढे एकामागून एक अशी २६ यंत्रे बदलत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. यंत्र बदलावे लागते, हे त्यांच्या आयुष्यानेच दाखवून दिले.

आजच्या पेसमेकरची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे टिकते. ती चार्ज करता येत नाही. संपत आली की छोट्या शस्त्रक्रियेने यंत्रच बदलतात. तारा चांगल्या असतील, तर त्या तशाच ठेवतात. बॅटरी उतरू लागली की यंत्र तशी सूचना देते आणि त्यानंतर बहुधा काही महिने हाताशी असतात. पण ती सूचना वाचायची कोणी? तपासणीला गेलात, तरच ना!

तपासणीत सुई नाही, कापाकापी नाही. छातीवर एक चकतीसारखे उपकरण ठेवतात आणि प्रोग्रॅमर नावाच्या संगणकावर यंत्राची सगळी हकीकत उतरते. बॅटरी किती उरली, तारा शाबूत आहेत का, ठोका पडायला कमीत कमी किती वीज लागते, हे कळते. गरजेपेक्षा जास्त वीज जात असेल, तर ती कमी करून बॅटरीचे आयुष्य वाढवता येते. तुम्हाला न जाणवलेले अनियमित ठोकेही यंत्राने नोंदवून ठेवलेले असतात. त्यातले काही पुढे पक्षाघाताला कारण ठरू शकतात. म्हणूनच ‘त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

बसवल्यानंतर जखम बरी झाली की दोन-तीन महिन्यांच्या आत एकदा, मग सहा महिने ते वर्षातून एकदा आणि बॅटरी उतरत आली की त्याहून लवकर, असा साधारण क्रम असतो. झटका देणारे यंत्र असेल, तर दर तीन ते सहा महिन्यांनी. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली तारीख मात्र सर्वांत महत्त्वाची.

आजींचे ओळखपत्र घरी ट्रंकेत होते. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर वेगळा; त्यामुळे एक्स-रे काढून यंत्र कोणते, ते शोधावे लागले. त्यात मोलाचा वेळ गेला. म्हणून ते कार्ड खिशात ठेवा, त्याची एक प्रत घरात ठेवा. सकाळी उठल्यावर पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ती डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भरली, चक्कर आली, उचकी थांबेना किंवा बसवलेल्या जागी सूज, लाली, पू दिसला, तर तारखेची वाट पाहू नका. मोबाईल शर्टाच्या खिशात, यंत्रावर ठेवू नका. वेल्डिंगचे काम असेल, तर आधी विचारा. आणि एक गोष्ट नातेवाइकांसाठी : अंत्यसंस्कारापूर्वी हे यंत्र काढून घ्यावे लागते, नाहीतर चितेच्या उष्णतेने ते फुटते.

आजींचे यंत्र वेळेत बदलले. परवा त्या तपासणीला आल्या, तेव्हा कार्ड पदराच्या गाठीत बांधलेले होते. “बॅटरी बघा आदी,” म्हणाल्या, “मग च्या घिऊ.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)