हाती आलेले धन आणि मोकळा वेळ

उतारवयात पैसा हाती येणे आणि त्याच वयात वेळही हाती येणे, हा योग आपल्या वाडवडिलांच्या नशिबी क्वचितच होता. शेतकरी हातपाय चालत तोवर वावरात जाई. कारकुनाला पेन्शन मिळे ती जेमतेम घर चालण्यापुरती. आणि व्यापारी तर गादीवरच म्हातारा होई. आता ती स्थिती पालटली आहे. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला, रेल्वेतील अगर बँकेतील नोकराला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची रक्कम एकदम मिळते. आपल्या जिल्ह्यात तर दुसरेही एक कारण घडले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी या तालुक्यांतून गेला. ७०१ किलोमीटरांच्या या रस्त्यासाठी २०१७ पासून जमिनी थेट खरेदीने घेण्यात आल्या आणि ग्रामीण भागात ठरलेल्या दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला देण्यात आला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. रस्ता झाला, मोटारी धावू लागल्या. पण ज्याचे वावर त्याखाली गेले, त्याच्या घरी काय झाले?

त्याच्या घरी पैसा आला, हे सर्वांना दिसले. त्याच दिवशी त्याचे काम गेले, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. पहाटे उठून बैल सोडणारा, पऱ्हाटीची निंदणी-फवारणी पाहणारा, कापूस हिंगणघाटच्या बाजारात नेणारा माणूस एकाएकी रिकामा झाला. निवृत्त नोकरदाराचीही गत हीच. म्हणून पैशाचा प्रश्न आणि वेळेचा प्रश्न हे दोन नसून एकच आहेत, असे आम्हांस वाटते. आजच्या विवेचनाचा सारांश आधीच सांगून टाकतो: पैसा आधी सांभाळावा, पण देताना मात्र आधी वेळ द्यावा आणि मग पैसा. हा क्रम उलटा झाला की दोन्ही वाया जातात.

प्रथम सांभाळण्याविषयी. दानाच्या गोष्टी सांगणाऱ्याने आधी हिशेब सांगावा, नाही तर ऐकणारा फसतो. साठीला पोहोचलेला माणूस आपल्या देशात सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे जगतो. कित्येक त्याहूनही अधिक जगतात. महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजे आज घरखर्चाला वीस हजार रुपये लागत असतील, तर बहात्तराव्या वर्षी चाळीस हजार लागतील आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ऐंशी हजार. आज डोंगराएवढी वाटणारी रक्कम वस्तुतः तेवढी मोठी नाही, हे या साध्या गणितावरून उघड होते.

तेव्हा पहिला वाटा आपल्या आणि आपल्या जोडीदाराच्या जगण्याचा. साठ वर्षांवरील माणसासाठी पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. तीत एका व्यक्तीस तीस लाखांपर्यंत रक्कम पाच वर्षांसाठी ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला हाती पडते. बँकेतील ठेवीला विम्याचे संरक्षण आहे, पण ते एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाखांपर्यंतच, व्याज धरून. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. परंतु गावोगावच्या पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पतसंस्था बँकेसारखीच दिसते, तिचा चिटणीस ओळखीचा असतो, व्याज टक्का-दीड टक्का जास्त मिळते, आणि माणूस आयुष्याची पुंजी तेथे नेऊन ठेवतो. पतसंस्था वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण सारी पुंजी एका जागी ठेवू नये, एवढे तरी पाळावे.

दुसरा वाटा मुलांचा. येथे आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते. पैसा आला की घरातच मागण्या सुरू होतात: एकाला मोटार, दुसऱ्याला दुकान, तिसऱ्याला शहरात फ्लॅट. म्हातारा मायेपोटी बक्षीसपत्र करून मोकळा होतो. बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतील भेद प्रत्येकाने समजून घ्यावा. बक्षीसपत्र एकदा रीतसर झाले की वस्तू आपली राहत नाही. मृत्युपत्र आपण हयात आहोत तोवर कितीही वेळा बदलता येते. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि ज्याला लाभ व्हायचा त्यालाच साक्षीदार करू नये. बक्षीसपत्र करणेच असेल, तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमान्वये, अशी अट मोडली गेल्यास ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. मुलांवर अविश्वास दाखवा असे आम्ही सुचवीत नाही. पण हातचे सारे सोडून मग मुलांच्या तोंडाकडे पाहत बसणे, हे मुलांनाही अवघड जाते.

आता उरलेल्या वाट्याकडे वळू. सुभाषितकारांनी धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. भोगाविषयी आम्ही संन्याशाच्या थाटात काही बोलणार नाही. ज्याने चाळीस वर्षे उन्हातान्हात काढली, त्याने बायकोला घेऊन काशी-रामेश्वर पाहावे, घराला पक्के छप्पर घालावे, डोळ्यांचे ऑपरेशन चांगल्या ठिकाणी करावे. हा भोग रास्तच आहे. पण भोगाला मर्यादा शरीरच घालते. दुसरी मोटार घेतली म्हणून दुपार लवकर सरत नाही. आणि दुपार सरत नाही, हेच तर निवृत्तीचे खरे दुखणे आहे.

याचाही हिशेब मांडून पाहा. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम करणाऱ्याचे वर्षाचे सुमारे अडीच हजार तास होतात. अठरा वर्षांचे झाले पंचेचाळीस हजार. एवढी मोठी ठेव हाती आली असता आपण तिचे काय करतो? चौकातल्या पानठेल्यापाशी उभे राहून ती मोडतो, किंवा दूरदर्शनपुढे बसून. पैशाची ठेव मोडताना आपण दहादा विचार करतो. ही ठेव मात्र रोज मोडत असते आणि तिच्यावर व्याजही नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वर्धेकरांना दूर जावे लागत नाही. जमनालाल बजाज यांना संपत्ती मिळाली ती स्वतः कमावून नव्हे. राजस्थानातील सीकरजवळच्या खेड्यातून ते लहानपणीच वर्ध्याच्या बच्छराज बजाज यांच्या घराण्यात दत्तक आले. न कमावलेला पैसा माणसाला कसा वाकवतो, हे त्यांनी कोवळ्या वयातच पाहिले. सतरा-अठरा वर्षांचे असताना आजोबा रागाने काही बोलले, तेव्हा साऱ्या संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे लिहून देऊन ते घराबाहेर पडले. पुढे त्यांना समजावून परत आणण्यात आले. आपण या धनाचे मालक नसून विश्वस्त आहोत, ही गांधीजींची कल्पना त्यांना पटली यात म्हणूनच नवल नाही. रायबहादुरकी त्यांनी सोडली. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. संस्थांना त्यांनी जन्मभर पैसा दिला.

हे सर्वांस माहीत आहे. पण त्यांच्या आयुष्याचे शेवटचे काही महिने आम्हांस अधिक बोलके वाटतात. १९४१ साली ते तुरुंगातून आजारी होऊन सुटले. प्रकृती खालावलेली, मन थकलेले. अशा वेळी त्यांनी आणखी एक मोठी देणगी जाहीर केली असती, तर लोकांनी टाळ्याच वाजविल्या असत्या. त्यांनी ते केले नाही. बाकीची कामे बाजूला सारून त्यांनी गोसेवा हे एकच काम पत्करले, गोसेवा संघ काढला आणि गोपुरीत झोपडीत राहावयास गेले. गाईंची निगा, दुधाचा प्रश्न, जातिवंत पैदास यांत ते स्वतः लक्ष घालू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, ते वारले. पैसा तर ते आधीपासूनच देत आले होते. शेवटी त्यांनी दिवस दिले.

त्यांच्या पश्चात जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेला वाहिली, आणि पुढे भूदानाच्या चळवळीत कूपदानासाठी, म्हणजे खेड्यांत विहिरी व्हाव्यात म्हणून, त्या वणवण हिंडल्या. १९५६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. येथे पुरुषवर्गाला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. नवरा निवृत्त होतो, पण बायको कधी निवृत्त होते? तो दिवसभर घरी बसू लागला की तिचा एक चहा वाढतो, एवढेच. पैशात तिचे नाव असावे आणि मोकळ्या वेळातही तिचा वाटा असावा. सकाळची भाजी निवडणे हीसुद्धा समाजसेवाच आहे, आणि तिचा आरंभ आपल्या घरापासून करता येतो.

कोणी म्हणेल, बजाज हे कोट्यधीश. आमच्यासारख्यांनी त्यांचा कित्ता कसा गिरवावा? त्याला उत्तर म्हणून अण्णासाहेब कर्वे यांचे उदाहरण घ्या. १९१४ साली, छप्पन्नाव्या वर्षी, ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. दोनच वर्षांनी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली ती १९२० साली. क्रम ध्यानात घ्या: आधी अण्णांचा वेळ, मग ठाकरसींचा पैसा. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतून त्याला रक्कम दिली. १९६२ साली वारले तेव्हा ते शंभरी ओलांडून गेले होते.

उलट क्रमाचे उदाहरण अमेरिकेतील अँड्र्यू कार्नेगी यांचे. १९०१ साली, पासष्टाव्या वर्षी, त्यांनी आपला पोलादाचा धंदा विकला आणि उरलेले आयुष्य धन वाटण्यात घालविले. त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. हे काम थोरच होय. परंतु त्यांच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली मजुरीवरून मोठा रक्तरंजित संप झाला होता, आणि तेथील कित्येक कामगार बारा-बारा तास राबत. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस ग्रंथालयात केव्हा जाणार? देणारा घेणाऱ्याच्या शेजारी काही दिवस बसला नाही, की त्याच्या दानात अशी उणीव राहून जाते.

आमचे म्हणणे याच एका मुद्द्यावर येऊन ठेपते. ज्याने एखाद्या जागी वर्षभर वेळ दिला, त्याला तेथे पैसा कशावर खर्चावा हे आपोआप कळते. समजा, एका निवृत्त गृहस्थाला गावच्या शाळेला देणगी द्यायची आहे. नुसता धनादेश दिला, तर बहुधा कमान उभी राहील आणि तीवर नाव कोरले जाईल. तोच आठवड्यातून दोन सकाळी, तीन-तीन तास, मागे पडलेल्या मुलांना वाचन शिकवायला गेला, तर त्याला दिसेल की मुलींच्या संडासाला पाणी नाही, आणि दोन पोरांना फळ्यावरचे दिसत नाही म्हणून ती मागे आहेत. एक नळ आणि दोन चष्मे! खर्च कमानीच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही.

अशी कामे आपल्याकडे कमी आहेत काय? सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांना कागद कोठे न्यायचा, कोणत्या रांगेत उभे राहायचे, हे सांगणारा माणूस हवा असतो. बचत गटांना हिशेब तपासून देणारा हवा असतो. बँकेत आयुष्य काढलेल्याला ते अर्ध्या तासाचे काम. आणि ज्याचे वावर रस्त्याखाली गेले, त्या शेतकऱ्याजवळ तर असे ज्ञान आहे की जे पुस्तकात नाही: कोणत्या जमिनीत पाणी कोठे मुरते, बियाणे कसे राखावे, जनावर केव्हा आजारी पडणार. त्याने एकरभर तरी जमीन घेऊन शेजारच्या तरुणांना सोबत घ्यावे. त्याचा पैसा बँकेत सुरक्षित राहील. पण तो स्वतः सुरक्षित राहील तो मातीतच.

येथे एक शंका रास्त आहे. समाजकार्यात शिरलेले निवृत्त लोक पुष्कळदा तेथेही साहेबी गाजवितात. हे खरे आहे. म्हणून पहिले वर्षभर पद घेऊ नये, सल्ला देऊ नये, देणगीची भाषा काढू नये. सांगतील ते काम ठरल्या वारी, ठरल्या वेळी करावे. वर्षाच्या शेवटी आपली गरज तेथे कोणाला भासते का, ते पाहावे. आणि मग खिशात हात घालावा.

गोपुरीत जमनालालजी राहिले त्या भूमीवर आज गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही. विनोबांच्या गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा तेवढ्या उभ्या आहेत. एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन बसावे. बरोबर पासबुक नेऊ नये. कोरा कागद मात्र न्यावा, आणि येत्या आठवड्यातील कोणत्या दोन सकाळी आपण कोणाला देणार, तेवढे त्यावर लिहून घरी यावे. रकमेचा आकडा पुढल्या वसंतात लिहिला तरी चालेल.