‘हॅव’चे लॅटिन रूपांतर आणि मराठीची जवळची वाट

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद लॅटिनमध्ये कसे न्यावे, असे विचारल्यास शब्दकोश तत्काळ ‘हाबेरे’ हे उत्तर देतो. रूपसाम्यामुळे हे दोन्ही शब्द सख्खे वाटतात; भाषाशास्त्र मात्र तसे मानत नाही. ‘हॅव’चा खरा आप्त आहे ‘पकडणे’ या अर्थाचा लॅटिन ‘कापेरे’.

‘हाबेरे’ चुकीचे नाही. पण रोमन लेखक अनेकदा दुसरी वाट धरीत. ‘मिही दुओ फ्रात्रेस सुंत’, म्हणजे शब्दशः ‘मला दोन भाऊ आहेत’. मालक येथे कर्ता नसून चतुर्थीत उभा आहे. कर्तेपण भावांकडे आहे. मराठीची घडण हीच, आणि कोकणीतील ‘म्हाका दोन भाव आसात’ हीदेखील. बालाघाटसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात, जेथे मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात, तेथे फरक सहज कानी पडतो: हिंदी ‘मेरे दो भाई हैं’ असे षष्ठीने सांगते, मराठी ‘मला’ म्हणते. या बाबतीत लॅटिनला मराठीच अधिक जवळची.

‘आय हॅव टू गो’ या वाक्यात तर ‘हाबेरे’ अभिजात लॅटिनमध्ये शोभतच नाही. तेथे ‘मिही एउन्दुम एस्त’ असे म्हणतात: ‘मला जायचे आहे’. तीन शब्दांस तीन शब्द, क्रमही तोच! इंग्रजीवरून लॅटिन शिकणाऱ्याला ही रचना घोकावी लागते. मराठी विद्यार्थ्याला ती मुळातच अवगत असते. तरीही शिकताना इंग्रजीचा वळसा घेतला जातो, हे नवलच.

गोव्यात हा भाषासंगम जुना आहे. 1579 मध्ये येथे आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. त्यांचे पोर्तुगीजमधील कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये, रायतूर येथे छापले गेले. त्या काळच्या मिशनरी व्याकरणांचा साचा लॅटिनचाच असे.

‘आय हॅव रिटन’ येथे मात्र तिसरीच गत. लॅटिनमध्ये ‘स्क्रिप्सी’ हा एकच शब्द पुरतो, ‘हॅव’ विरून जाते. ‘हाबेरे’ला साहाय्यक क्रियापदाचे काम लाभले ते उत्तरकालीन बोलीत. तेथील ‘कान्तारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचे आहे’, यातूनच पोर्तुगीजमधील ‘कान्तारेइ’, ‘मी गाईन’, हे भविष्यकाळाचे रूप घडले.