हौशी उपग्रहांचे कंप्रता-समन्वयन : पुण्याच्या ‘स्वयम्’ उपग्रहाच्या संदर्भात

प्रस्तावना

22 जून 2016 रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी34 या प्रक्षेपकाने 20 उपग्रह अवकाशात नेले. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयम्’ हा उपग्रह होता. त्याची प्रत्येक बाजू सुमारे 10 सेंटिमीटर आणि वजन एक किलोग्रॅमच्या आसपास. विद्युतशक्ती खर्च न करता, केवळ चुंबकीय साधनांच्या आधारे उपग्रहाची दिशा स्थिर राखणे आणि हौशी रेडिओधारकांना परस्परांस संदेश पाठविण्याची सोय उपलब्ध करून देणे, ही त्याची दोन उद्दिष्टे होती. या उपग्रहाविषयी लिहिताना त्याच्या लहान आकाराचे आणि विद्यार्थ्यांच्या जिद्दीचे कौतुक होते, व ते योग्यच आहे. मात्र तो ज्या कंप्रतेवर, म्हणजेच फ्रीक्वेन्सीवर, बोलणार होता ती 437.025 मेगाहर्ट्झची जागा त्याला कशी मिळते, या प्रश्नाकडे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप आणि तिच्यातून महाविद्यालयावर येणारी जबाबदारी स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

समन्वयाची गरज

जमिनीवरील हौशी केंद्राची कंप्रता हा बहुधा स्थानिक प्रश्न असतो. उपग्रहाच्या बाबतीत तसे नसते. ‘स्वयम्’ सुमारे 505 किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेत सोडण्यात आला. या उंचीवरून क्षितिजापर्यंतचा भूपृष्ठावरील पल्ला चारही दिशांना सुमारे 2,450 किलोमीटर भरतो. याचा अर्थ असा की, उपग्रह पुण्याच्या माथ्यावर असताना त्याचा संदेश दुबई, कोलंबो आणि ढाका येथेही एकाच वेळी पोहोचू शकतो. दीड तासाच्या प्रदक्षिणेगणिक पृथ्वी त्याच्याखाली फिरत राहते आणि काही काळातच तो जगातील प्रत्येक देशावरून जातो. त्यामुळे एका शहराने वा एका देशाने परस्पर ठरविलेली कंप्रता येथे पुरेशी ठरत नाही.

दुसरी अडचण गतीची आहे. या कक्षेतील उपग्रह सेकंदाला सुमारे 7.6 किलोमीटर वेगाने जातो. डॉप्लर परिणामामुळे तो क्षितिजावर उगवताना त्याची कंप्रता मूळ मूल्यापेक्षा सुमारे 10 किलोहर्ट्झने अधिक, तर मावळताना तितकीच कमी भासते. म्हणजे संदेशाची स्वतःची रुंदी अगदी थोडी असली, तरी जमिनीवरून पाहता तो 20 किलोहर्ट्झहून अधिक पट्टा व्यापतो. हौशी उपग्रहांसाठी वापरात असलेला 435 ते 438 मेगाहर्ट्झ हा पट्टा 3,000 किलोहर्ट्झ रुंदीचा आहे. प्रत्येक उपग्रहाला 25 किलोहर्ट्झ दिले, तर साधारण 120 जागा होतात. 15 फेब्रुवारी 2017 रोजी पीएसएलव्ही-सी37 या एकाच प्रक्षेपकाने 104 उपग्रह कक्षेत सोडले, हे लक्षात घेतले की या जागा किती अपुऱ्या आहेत याची कल्पना येते. ते सर्व हौशी उपग्रह नव्हते, हे खरे. परंतु गर्दीचा कल त्यावरून कळतो.

साहजिकच एकच कंप्रता अनेकांना वाटून द्यावी लागते. दोन उपग्रहांच्या कक्षा आणि प्रक्षेपणाचे काळ भिन्न असतील, तर ते एकाच भूकेंद्रावर एकाच वेळी क्वचितच दिसतात. उलट एकाच प्रक्षेपकातून सुटलेले उपग्रह सुरुवातीचे दिवस परस्परांच्या निकट प्रवास करतात. त्यांना एकच कंप्रता मिळाली, तर ज्या दिवसांत उपग्रह जिवंत आहे किंवा नाही हे कळणे सर्वांत निकडीचे असते, नेमक्या त्याच दिवसांत व्यत्यय येतो.

प्रक्रियेचे स्वरूप

या कामात दोन भिन्न यंत्रणा आहेत आणि त्यांत गल्लत होण्याचा संभव असतो. पहिली ऐच्छिक आहे. 1925 मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाचे एक सल्लागार मंडळ हौशी उपग्रहांच्या कंप्रतांचा समन्वय करते. या मंडळावरील व्यक्ती स्वयंसेवक असतात. उपग्रहाचा हेतू, कक्षा, प्रक्षेपण-शक्ती, अँटेना, संकेतन-पद्धती, दूरमापनाचा आराखडा आणि भूकेंद्राची माहिती मागवून ते सोयीस्कर कंप्रता सुचवितात. त्यांच्या निर्णयाला कायद्याचे बळ नाही. तो केवळ परस्परविश्वासावर चालतो.

दुसरी यंत्रणा शासकीय आहे. भारतात रेडिओ कंप्रतेची अनुज्ञा दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे करावयाची नोंदणीही शासनामार्फतच होते. ‘स्वयम्’च्या काळी नसलेला आणखी एक टप्पा आता जोडला गेला आहे. भारतीय अंतराळ धोरण 2023 नुसार बिगरशासकीय संस्थांना अवकाशविषयक कार्यासाठी ‘इन-स्पेस’चे प्राधिकारपत्र आवश्यक ठरते. स्वयंसेवकांनी सुचविलेली कंप्रता म्हणजे परवाना नव्हे, ही बाब प्रकल्प-मार्गदर्शकांनी आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी.

‘हौशी’ या शब्दाचा अर्थ

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची व्याख्या स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक अन्वेषण यांसाठी, आर्थिक लाभाच्या हेतूविना चालणारी सेवा, अशी आहे. संदेशाचा अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक भाषा वापरण्यास तीत मनाई आहे. उपग्रहाला द्यावयाच्या नियंत्रण-आदेशांपुरता अपवाद केला आहे. 5 मे 2005 रोजी कार्टोसॅट-1 सोबत सोडलेला भारताचा ‘हॅमसॅट’ या व्याख्येत नेमका बसत होता. त्यावरील एक ट्रान्सपाँडर भारतीय, तर दुसरा डच बनावटीचा होता आणि 2014 पर्यंत तो जगभरच्या हौशी रेडिओधारकांच्या उपयोगी पडला. ‘स्वयम्’ची संदेशसेवाही याच परंपरेतील होय.

प्रत्येक विद्यार्थी-उपग्रह मात्र हौशी असतोच असे नाही. केवळ महाविद्यालयाच्या संशोधनाची माहिती खाली आणावयाची असेल आणि हौशी समाजाला त्यातून काही मिळणार नसेल, तर हौशी पट्ट्यावरील हक्क दुबळा ठरतो. 2019 च्या जागतिक रेडिओ परिषदेत अल्पकालीन मोहिमांच्या उपग्रहांसाठी 137.025 ते 138 मेगाहर्ट्झ आणि 148 ते 149.9 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत तरतूद झाली. त्यामुळे पर्याय नाही, ही सबब आता पूर्वीइतकी सबळ राहिलेली नाही.

शेजारधर्म आणि उत्तरदायित्व

435 ते 438 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हौशी उपग्रह पाहुणा आहे. इतर अधिकृत सेवांना व्यत्यय न आणण्याच्या अटीवरच त्याला तेथे प्रवेश आहे. पुणे जिल्ह्यात ही अट केवळ कागदोपत्री राहत नाही. नारायणगावजवळील खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, सुधारित रूपातील एक पट्टा 250 ते 500 मेगाहर्ट्झचा आहे आणि 437 मेगाहर्ट्झ त्यातच येते. दूरस्थ दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत टिपणाऱ्या या दुर्बिणीसाठी माथ्यावरून जाणारा लहानसा उपग्रहही प्रखर स्रोत ठरू शकतो. एकाच जिल्ह्यातील दोन वैज्ञानिक उपक्रमांना एकच आकाश वाटून घ्यावे लागते.

म्हणूनच नियमावली अशी अपेक्षा करते की, प्रक्षेपणापूर्वीच पुरेशी नियंत्रण-भूकेंद्रे उभारलेली असावीत आणि व्यत्यय उद्भवल्यास उपग्रहाचे प्रक्षेपण तत्काळ बंद करता यावे. महाविद्यालयांची खरी कसोटी येथे लागते. विद्यार्थी चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात. उपग्रह मात्र त्यानंतरही कक्षेत राहू शकतो. त्याला गप्प करण्याचा आदेश कोण देणार, तो आदेश कोठे नोंदविलेला आहे आणि भूकेंद्राचा परवानाधारक कोण, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांच्या एका तुकडीकडे नव्हे, तर विभागाच्या स्थायी दप्तरात असावयास हवीत.

समारोप

कंप्रतेची मागणी हा उपग्रह-प्रकल्पाचा शेवटचा अर्ज नसून पहिला निर्णय होय. तिच्यावर अँटेनाची लांबी, प्रक्षेपक-मंडलाची रचना आणि भूकेंद्राची उभारणी अवलंबून असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती मागताना संस्थेला आपला हेतू जगासमोर स्पष्ट करावा लागतो. समन्वय करणाऱ्या स्वयंसेवकांपाशी दंड करण्याची सत्ता नाही. तरीही ही व्यवस्था टिकून आहे, कारण सहभागी संस्था दिलेला शब्द पाळतात. उपग्रह बांधण्याचे तंत्र शिकविताना सामायिक आकाशात वावरण्याची ही शिस्त शिकविणे, हा अध्यापकांच्या कामाचाच एक भाग मानला गेला पाहिजे.