रिकामी खोली भाड्याने देताना

• पेइंग गेस्ट कोण? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार, मालक स्वतः राहतो त्याच घराचा काही भाग ज्याला परवान्याने वापरायला दिला आहे, अशी कुटुंबाबाहेरची व्यक्ती.

• करार : ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ हा गैरसमज. कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

• नोंदणी नसेल तर? वाद झाल्यास अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही.

• मुदत संपूनही मुक्काम? कलम २४ प्रमाणे नुकसानभरपाई दुप्पट दराने.

• प्राप्तिकर : घरभाडे म्हणून करपात्र उत्पन्नातून ३० टक्के वजावट मिळते.

• करारात हेही लिहा : पलंग, कपाट, पंखा किती, किल्ल्या किती, वीजबिलात वाटा किती, गॅसला हात लावायचा की नाही, रात्री दाराची कडी किती वाजता, गावाहून आई-वडील आले तर किती दिवस. अनामत परत करताना भांडण होते ते बहुधा याच ओळी कोऱ्या राहिल्यामुळे.