वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही! मालगुंडच्या दोन डब्यांची गोष्ट

आज घरचीच फजिती सांगतो, आणि आधीच कबूल करतो की चूक माझी होती.

मालगुंड, म्हणजे केशवसुतांचं गाव, गणपतीपुळ्याच्या शेजारी. तिथे माझी आत्या राहते. धो धो पाऊस, रात्रभर लाईट गेलेली, आणि आतेबहिणीचा इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. सकाळी लाईट आली, पण नेट येईना. घरात मोबाईलला रेंजची एक दांडी, तीही पावसाच्या मर्जीवर. मी रत्नागिरीहून फोनवर रुबाबात सांगितलं, "राउटरच्या मागे बारीक भोक आहे ना, त्यात पिन घालून दाबून धर."

झालं! आता फोनवर वाय-फायचं चिन्ह दिसत होतं आणि खाली लिहिलेलं, 'नो इंटरनेट'. तासाभराने मी दारात पोचलो तर आत्या म्हणाली, "मेल्या, एवढा शिकलास नि साधा डबा चालू होईना होय?"

तर त्या घरात डबे दोन. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाड, त्यातून वाय-फाय धड पलीकडे जात नाही. म्हणून फायबरचा डबा पडवीत, आणि तिथून केबल ओढून माजघरात दुसरा राउटर. पडवीतल्या डब्याचं वाय-फाय मी दोन वर्षांपूर्वीच बंद करून ठेवलेलं.

पडवीतल्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा नव्हता, म्हणजे फायबर शाबूत. मग माजघरातल्या राउटरची केबल काढली आणि सरळ लॅपटॉपला लावली. नेट चालू! फॉर्म आधी भरून घेतला, सबमिट झाल्याचा स्क्रीनशॉट काढला, मग चहा. म्हणजे बिघाड बाहेर नव्हताच, दुसऱ्या राउटरमध्ये होता.

काय झालं होतं? 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 सालापासून खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेत. कोकणात गावोगावी देऊळवाडी असते ना, तसं. आपल्या गावात नुसतं 'देऊळवाडी' म्हटलं की पुरतं. तसाच घराघरात 192.168.1.1 असतो आणि कोणाचं अडत नाही. पण एका घरात दोन डबे एकामागे एक लावले आणि दोघांचाही पत्ता 192.168.1.1 असला, तर? माजघरातल्या राउटरला बाहेर जायचा रस्ता विचारला की उत्तर मिळतं, '192.168.1.1 कडे जा'. आणि तो तर तो स्वतःच! स्वतःच्याच दारात घुटमळत बसतो बिचारा. काही नवे राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात. आमचा जुना.

दोन वर्षांपूर्वी मी त्याचा पत्ता बदलून 192.168.2.1 केला होता. पिन दाबली तेव्हा ती सेटिंग पुसली गेली. मी रीस्टार्ट सांगायला हवं होतं आणि सांगितलं रीसेट. खरं तर तेही नको होतं. लाईट आल्यावर फायबरच्या डब्याला उठायला काही मिनिटं लागतात, तेवढंच थांबायचं होतं.

दुरुस्ती करताना एक गंमत लक्षात ठेवा. आधी पडवीकडून येणारी केबल काढा, म्हणजे 192.168.1.1 टाकल्यावर नेमका हाच राउटर उघडतो. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, आणि 'नेट नाही, तरी जोडलेलं राहू का?' असं फोनने विचारलं तर हो म्हणा. पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. आत 'लॅन' सेटिंगमध्ये पत्ता 192.168.2.1 करा, सेव्ह करा, केबल परत लावा. तुमच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तोच लावा, मग पत्त्यांची भानगडच उरत नाही.

वाय-फायचं जुनं नाव आणि पासवर्ड पुन्हा टाकले, आत्याचा टीव्ही सुरू झाला. निघताना बघतो तर तिने त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाकली होती.