जुन्या पिकअपमधली खडखड नेमकी येते कुठून? पार्ट बदलण्याआधी हे वाचा

पहाटेचे तीन. नारायणगावातून टोमॅटोचे कॅरेट भरून एक पिकअप वाशीच्या मार्केटला निघालीय. पुढे माळशेज घाट आहे. आणि गाडीच्या खालून कुठून तरी खड-खड-खड आवाज येतोय.

ड्रायव्हरला हा आवाज नवा नाही. महिना झाला, तो येतोय. गॅरेजमध्ये दाखवलं तर मिस्त्री म्हणाला शॉकअप गेलेत. शॉकअप बदलले, आवाज तसाच. दुसऱ्याने सांगितलं बुश बदला. बुश बदलले, आवाज तसाच. तिसऱ्याने सांगितलं, "जुनी गाडी आहे, वाजणारच. गाण्याचा आवाज वाढवा."

ज्यांच्या घरी जुनी पिकअप आहे त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. टाटाची 207 असो की महिंद्राची बोलेरो पिकअप, गाडी जुनी झाली की ती बोलायला लागते. अडचण ही आहे की यातले बरेचसे आवाज निरुपद्रवी असतात आणि काही आवाज घाटात जीवावर बेतू शकतात. ऐकायला मात्र दोन्ही सारखेच वाटतात.

मग हा आवाज शोधायचा कसा? तेच सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी प्रश्न, आवाज सापडत का नाही?

कारण आपला कान इथे फसतो.

पिकअप ही शिडीसारख्या लोखंडी चासीवर बांधलेली गाडी असते. दोन लांब पट्ट्या, मध्ये आडवे दांडे आणि त्यावर पुढे केबिन, मागे हौदा. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पोलादात तोच आवाज 5,000 मीटरच्याही पुढे जातो आणि वाटेत फारसा विरतही नाही. त्यामुळे मागच्या पाट्याजवळ काही वाजलं तरी चासीवरून तो आवाज थेट केबिनपर्यंत येतो आणि तुम्हाला वाटतं की सीटखालीच काही तरी सुटलंय.

म्हणूनच "आवाज कुठून येतो?" हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न आहे, "आवाज कधी येतो?"

पायरी 1 : आवाजाची हजेरी मांडा

दोन दिवस काहीही खोलू नका. फक्त लिहून ठेवा. गाडी उभी असताना येतो की चालताना? गार इंजिनला येतो की तापल्यावर? रिकाम्या गाडीत येतो की भरलेल्या? खड्ड्यात, वळणावर, ब्रेक मारल्यावर की क्लच सोडताना?

सोबत दुसरा माणूस घ्या. चालवणाऱ्याने चालवायचं, ऐकणाऱ्याने ऐकायचं. स्टेअरिंग धरून खाली वाकून कान लावणं हा अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. अजून एक सोपा उपाय म्हणजे मोबाईल. एकदा रेकॉर्डिंग सुरू करून तो केबिनमध्ये ठेवा, एकदा कापडात गुंडाळून हौद्यात नीट बांधा. तोच रस्ता, तोच वेग. दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली की आवाज पुढचा की मागचा, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

पायरी 2 : फुकटातल्या गोष्टी आधी

हे ऐकून हसू येईल, पण पार्ट बदलण्याआधी सीटमागचा जॅक, टॉमी आणि पाने बाहेर काढा. स्टेपनी घट्ट आहे का बघा. बॅटरीची क्लॅम्प, नंबरप्लेट, चिखलरोधक पत्रे आणि बोनेटचं लॉक हलवून बघा.

मग हौद्याकडे या. मागच्या फाळक्याच्या कड्या, साखळ्या आणि बिजागऱ्या झिजल्या की रिकामी पिकअप अख्ख्या गावाला उठवते. फाळका सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधा आणि एक चक्कर मारा. आवाज गेला तर चोर सापडला.

इथला नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची आणि मग चक्कर मारायची. पाच गोष्टी एकदम आवळल्या तर आवाज जाईल कदाचित, पण गेला कशामुळे ते कळणार नाही. पुन्हा आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पायरी 3 : उभ्या गाडीला रेस देऊन बघा

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीत आवाज आला तर चाकं, पाटे, शाफ्ट हे सगळे तूर्तास निर्दोष. शोध इंजिन, गिअरबॉक्स आणि सायलेन्सरपुरता उरला.

आता इथे एक गंमत आहे. खडखड ठरावीक रेसलाच येते, थोडी वाढवली की गायब. असं का? चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. म्हणजे 1,500 आरपीएमला सेकंदाला 50 धक्के. प्रत्येक पत्र्याचा स्वतःचा थरथरण्याचा एक वेग असतो. धक्क्यांचा वेग आणि पत्र्याचा वेग जुळला की पत्रा जोरात थरथरतो. पाळण्याला बरोबर वेळेला झोका दिला की तो उंच जातो, तसंच.

यात नेहमीचा संशयित म्हणजे सायलेन्सरभोवतीचा उष्णतारोधक पत्रा. पातळ असतो, गंजतो, बोल्टपाशी फाटतो आणि वाजायला लागतो. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती रबरं तुटली तरी तो चासीला आपटतो. हे सगळं इंजिन बंद करून, सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर हाताने हलवून बघायचं.

क्लचची चाचणीही इथेच होते. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. क्लच दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. एका पायाच्या हालचालीने दोन वेगळी बिलं वेगळी होतात!

पायरी 4 : आवाज चालतानाच येतो? मग मोजा

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी 40 चा वेग धरा. एकदा तिसऱ्या गिअरमध्ये, एकदा चौथ्यात. वेग तोच पण इंजिनची रेस वेगळी. गिअर बदलल्यावर आवाजाची लय बदलली तर कारण इंजिनच्या बाजूला. लय तीच राहिली तर कारण चाकांच्या किंवा प्रोपेलर शाफ्टच्या बाजूला.

आता या दोघांतला कोण? पिकअपच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर असतो. ताशी 8 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास एक फेरी मारतं. पण शाफ्ट मागच्या डिफरन्शियलमधून चाक फिरवतो, त्यामुळे बऱ्याच पिकअपमध्ये तो चाकाच्या साधारण चौपट फिरतो. म्हणून गाडी इतकी हळू चालवा आणि ऐका. सेकंदाला एक "टक" म्हणजे चाक, ब्रेक ड्रम किंवा चाकाचे नट. सेकंदाला चार "टक" म्हणजे शाफ्ट.

शाफ्टचा क्रॉस झिजला असेल तर आणखी एक खूण असते. गाडी उचलताना किंवा क्लच सोडताना "ठक" असा एक ठोका बसतो. क्रॉसच्या कपाभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली तर शंका ठेवायचं कारण नाही.

आवाज येत असताना ब्रेकचं पेडल हलकेच दाबून बघा. तेवढ्याने आवाज थांबला तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर सैल झालाय.

पायरी 5 : फक्त खड्ड्यातच वाजतं?

मग पाटे, शॅकल, बुश, शॉकअप आणि स्टेअरिंगचे सांधे यांची पाळी.

पाट्यांची गाडी रिकामी असताना जास्त वाजते, कारण वजन नसलं की झिजलेल्या बुशमध्ये पिन मोकळी नाचते. माल भरला की ती दाबली जाते आणि आवाज कमी होतो. म्हणून "भरल्यावर वाजत नाही, म्हणजे ठीक आहे" हा समज चुकीचा. झीज तशीच असते, फक्त गप्प बसलेली असते.

इथे कानापेक्षा डोळे कामाला येतात. जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे ते चकाकतं किंवा लाल भुकटी सोडतं. पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट खास तपासा. ते सैल राहिले तर पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटतो आणि अख्खा एक्सल जागचा सरकू शकतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं.

पुढच्या बाजूला एकाने स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने बाहेरून टाय रॉडचे सांधे बघायचे. सांध्यात चाक हलण्याआधीच मोकळी हालचाल दिसली तर तो सांधा संपला.

ऐकायचं साधन? घरातला पाइप

1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातूनच पुढे स्टेथोस्कोप आला. तीच कल्पना इथे चालते. दीड-दोन मीटर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाशी, दुसरं टोक इंजिनच्या वेगवेगळ्या भागांजवळ फिरवा. आवाज जिथे एकदम मोठा होतो, तिथे थांबा. फॅन आणि बेल्टपासून पाइप, कपडे, केस आणि हात लांब ठेवा.

आणि हे अगदी महत्त्वाचं. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. पक्के स्टँड लावा, चाकांना दगड किंवा लाकडी ओंडका लावा. इंजिन चालू असताना तर खाली जायचंच नाही. फिरणारा शाफ्ट शर्टाची बाही पकडायला क्षणभरही घेत नाही.

कोणत्या आवाजाला गाडी तिथेच थांबवायची?

- चाकाजवळून ठोका येतोय आणि स्टेअरिंग किंवा सीट हलतेय. चाकाचे नट लगेच तपासा. चाक बदललं असेल तर थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात.
- ब्रेक मारल्यावर ठोका बसतोय किंवा गाडी एका बाजूला ओढतेय.
- स्टेअरिंग सैल लागतंय आणि पुढून आवाज येतोय.
- शाफ्टचा ठोका वाढत चाललाय. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी ताब्यात राहत नाही.
- इंजिनमधून जड ठोका आणि सोबत ऑइलचा लाल दिवा. इंजिन लगेच बंद.

या पाचपैकी काहीही असेल तर "मार्केट करून येतो, मग बघू" चालत नाही. माल दुसऱ्या गाडीत भरा. त्याचं भाडं जाईल, पण कॅरेटसकट दरीत जाण्यापेक्षा ते स्वस्त आहे. शिवाय धोकादायक अवस्थेतलं वाहन रस्त्यावर चालवणं हा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 नुसार गुन्हा आहे. आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं. पण ते त्या एका दिवसाचं प्रमाणपत्र असतं, नंतर सैल झालेला बोल्ट त्यात दिसत नाही.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

"गाडी वाजतेय" असं सांगितलं तर मिस्त्रीला अंदाजच करावा लागतो आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही देता. त्याऐवजी असं सांगा, "रिकाम्या गाडीत, ताशी 40 ला, मागून येतो. गिअर बदलला तरी लय तीच राहते. ब्रेक दाबल्यावर थांबत नाही." एवढ्यावरून चांगला मिस्त्री गाडीखाली जायच्या आधीच दोन-तीन जागांवर येतो.

मग त्याला गाडीत बसवून एक चक्कर मारा आणि आवाज ऐकवा. पार्ट बदलायच्या आधी जुन्या पार्टमधली ढिलाई दाखवायला सांगा. बदलल्यावर जुना पार्ट हातात घ्या आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढ्याच मालासह गाडी चालवून बघा. आवाज गेला असेल तर पैसे द्यायला हरकत नाही. गेला नसेल तर तो पार्ट चोर नव्हता, आणि हे सगळ्यांसमोर तिथल्या तिथे स्पष्ट झालेलं बरं.